चादर-टॉवेलच्या कारखान्याची वेबसाइट नव्यानं करताना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तुमचा चादर आणि टॉवेलचा कारखाना आहे. वडिलांनी २०१४ साली करून घेतलेली वेबसाइट मोबाइलवर धड दिसत नाही, म्हणून ती नव्यानं करायची आहे. पुण्याच्या एका एजन्सीनं दीड लाख सांगितले, सोलापुरातल्या ओळखीच्या एका मुलानं पस्तीस हजार. दिवाळीच्या मुहूर्तावर ती सुरू करावी असं घरात चाललंय. काम कोणाला द्यावं आणि नवी साइट आल्यावर गूगलवर आत्ता जिथं दिसतो तिथून खाली तर जाणार नाही ना, हे तुम्ही विचारलंय. शिवाय वडिलांना आजोबांचा हातमागावरचा फोटो पहिल्या पानावर हवाय आणि एजन्सी तो काढा म्हणते. फोटोकडे मी शेवटी येतो, कारण त्याचं उत्तर आधीच्या सगळ्यावर अवलंबून आहे.

मी सोलापुरात सतरा वर्षं हेच काम करतोय. चादर, टॉवेल, शाळेचे युनिफॉर्म, यंत्रांचे सुटे भाग, दोन-तीन हॉस्पिटलं, अशा बऱ्याच जणांच्या साइट नव्यानं केल्या. काही फार चांगल्या झाल्या, काहींत नुकसान झालं. दोन्हींतून जे शिकलो तेच सांगतो.

काम कोणाला द्यावं हे आत्ता ना मला सांगता येईल, ना तुम्हाला ठरवता येईल. ही दोन कोटेशनं एकाच मालाची नाहीत. तुम्हाला कोणी फोन करून नुसतं 'टॉवेलचा रेट काय' असं विचारलं तर तुम्ही काय करता? आधी साइज विचारता, जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) विचारता, सूत कोणतं, नग किती ते विचारता, मगच भाव सांगता. इथं दोघांनीही 'दहा पानांची आकर्षक वेबसाइट' एवढ्यावर भाव दिलाय. ती दहा पानं कोणती, मजकूर कोण लिहिणार, फोटो कोण काढणार, जुन्या पानांचं काय होणार, याचा एका ओळीनंही उल्लेख नाही. त्यामुळे दीड लाख महाग की पस्तीस हजार स्वस्त, हे कळायला मार्गच नाही.

मला खरा प्रश्न वेगळा वाटतो. तुमची आत्ताची साइट, जशी आहे तशी, तुम्हाला काय मिळवून देते? दहा-बारा वर्षं ती उभी आहे. दिसायला जुनी झाली असेल, पण एवढ्या काळात तिच्याकडे यायच्या वाटा पडलेल्या असतात. कोणीतरी तिचा दुवा आपल्या यादीत टाकलेला असतो, एखादं पान गूगलमध्ये वर येत असतं, एखादा जुना गिऱ्हाईक तिथला कॅटलॉग उघडून नंबर शोधत असतो. हे काहीच न पाहता नवं बांधायला घेतलं की या वाटा बुजतात, आणि त्या बुजल्या हेही महिने-दोन महिने कळत नाही. गूगलवरून खाली जाण्याची जी भीती तुम्हाला वाटतेय तिचं मूळ इथं आहे. नुसत्या नव्या डिझाइनमुळे सहसा कोणी खाली जात नाही. जुनं काय होतं हे न मोजता ते पुसल्यामुळे जातं.

म्हणून पहिलं काम डिझाइनरला फोन करायचं नाही. ऑर्डरची वही काढा. मागच्या वर्षभरातल्या पंचवीस-तीस ऑर्डर घ्या आणि प्रत्येकीपुढे लिहा की हा माणूस आपल्यापर्यंत कसा आला. जुना व्यापारी, एजंटमार्फत, प्रदर्शनात भेटलेला, गूगलवरून फोन केलेला, व्हॉट्सॲपवर कोणी नंबर पाठवलेला. आठवत नसेल तर ऑफिसात जे फोन उचलतात त्यांना विचारा. पुढचे दोन आठवडे त्यांच्या टेबलावर एक वही ठेवा आणि प्रत्येक नव्या फोनला 'आमचा नंबर कुठून मिळाला?' एवढं विचारून लिहून ठेवायला सांगा. काम साधं वाटतं, पण मी आजवर यापेक्षा उपयोगी माहिती कुठल्याच सॉफ्टवेअरमधून मिळवलेली नाही.

एका टॉवेलवाल्या कुटुंबाचं काम मी असंच सुरू केलं होतं. घरातले सगळे म्हणत होते की आपली साइट एक्स्पोर्टसाठी आहे. पहिल्या पानावर भलं मोठं जहाज आणि कंटेनर. वही लिहायला घेतली तेव्हा दिसलं की परदेशी माल सगळा जुन्या एजंटमार्फत जातो, त्याचा साइटशी संबंध नाही. साइट पाहून फोन करणारे होते हॉटेलं, लॉज, हॉस्पिटलं आणि जिमवाले, पुण्यापासून हैदराबादपर्यंतचे. त्यांना पांढरा टॉवेल हवा असायचा, किती धुण्यांनंतर विरतो हे विचारायचं असायचं, आणि शंभर नग मिळतील का हे. त्या साइटवर यातलं एक अक्षर नव्हतं. ती वही झाल्यावर आम्ही डिझाइनबद्दल एक शब्द न बोलता अर्धं काम उरकलं होतं, कारण कोणासाठी काय लिहायचं ते ठरलं होतं.

तुमचे गिऱ्हाईक कोण हे मला माहीत नाही आणि सगळं त्यावरच ठरणार आहे. हॉटेल-हॉस्पिटलवाले असतील तर साइज, जीएसएम, एका नगाचं वजन, किमान ऑर्डर आणि माल किती दिवसांत निघेल हे समोर हवं. व्यापारी असतील तर त्यांना नवी डिझाइनं पटकन बघायला आणि पुढे पाठवायला सोपं हवं. परदेशी खरेदीदार असेल तर तो आधी हे पाहतो की हा कारखाना खरंच आहे का: पत्ता, यंत्रं, माणसं, जीएसटी क्रमांक, मालाचे एचएसएन क्रमांक, म्हणजे कर आणि निर्यातीच्या कागदांवर मालाचा प्रकार सांगणारे आकडे (कॉटन टेरी टॉवेलचा ६३०२६०, कॉटन ब्लँकेटचा ६३०१३०). घरी एखादी चादर मागवणारे किरकोळ गिऱ्हाईक असतील तर गोष्टच निराळी. त्यासाठी पेमेंट, परतावा, कुरिअर आणि रोज दोन तास देणारा एक माणूस लागतो. चादर वजनदार असते, कुरिअरचा खर्च भावाच्या मानानं डोळ्यात भरतो. माणूस नेमलेला नसेल तर पहिल्या टप्प्यात ऑनलाइन विक्री घेऊ नका. प्रत्येक मालाखाली व्हॉट्सॲपचं बटण पुरतं.

आता जुन्या पानांची मोजदाद. गूगलचं सर्च कन्सोल नावाचं मोफत साधन आहे. तुमची साइट त्याला जोडलेली आहे का ते आजच बघा. नसेल तर आजच जोडा, कारण आकडे जमायला वेळ लागतो. जोडलेली असेल तर त्यात मागच्या १६ महिन्यांचे आकडे मिळतात: लोक कोणते शब्द टाकून आले, कोणत्या पानावर आले. ते सगळे उतरवून एका एक्सेलच्या फाइलमध्ये ठेवा. एका ओळीत एक पान. पुढे रकाने करा: पानाचा पत्ता, लोक काय शोधत येतात, किती येतात, या पानाचं काय करायचं (ठेवायचं, दुसऱ्यात मिसळायचं, काढायचं), आणि नव्या साइटवर त्याचा पत्ता काय असेल. कॅटलॉगच्या पीडीएफ फाइलीही त्यात धरा. लोक त्या विसरतात, आणि नेमक्या त्याच वर्षानुवर्षं व्हॉट्सॲपवर फिरत असतात.

ही यादी करताना दरवेळी काहीतरी अनपेक्षित सापडतं. चादरीच्या एका साइटवर 'नवी चादर पहिल्यांदा कशी धुवावी, रंग जाऊ नये म्हणून काय करावं' असं एक जुनं पान होतं. मेनूतही नव्हतं. मालकांना ते आहे हेच आठवत नव्हतं, आणि नव्या आराखड्यात त्याला जागा नव्हती. आकडे पाहिले तर पहिल्या पानाखालोखाल सगळ्यात जास्त लोक त्याच पानावर येत होते. आम्ही ते ठेवलं, नीट लिहिलं, आणि खाली चादरींचे फोटो जोडले. यादी केली नसती तर ते पान गेलं असतं आणि का माणसं कमी झाली हे कोणालाच कळलं नसतं.

शक्य तिथं जुने पत्ते तसेच ठेवा. सगळ्यात सुरक्षित वाट तीच. बदलावेच लागले तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पानाकडे कायमचं वळण द्यावं लागतं. तांत्रिक भाषेत त्याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. दुकान हललं की जुन्या शटरवर पाटी लावतो तसं हे आहे. फक्त ही पाटी गूगललाही वाचता येते. घाईत बरेच जण सगळी जुनी पानं सरसकट पहिल्या पानाकडे वळवून मोकळे होतात. त्याचा उपयोग नाही. टर्किश टॉवेलचं पान शोधत आलेल्या माणसाला पहिल्या पानावर सोडलं तर तो निघून जातो, आणि गूगलही अशा वळणाला 'पान सापडलं नाही' असंच धरतं. वळणं किमान एक वर्ष ठेवा असं गूगलचं सांगणं आहे. मी ती कधीच काढत नाही, ठेवायला काही खर्च येत नाही.

इथंच एक गोष्ट आधी विचारून घ्या. तुमच्या चादरीच्या पॅकिंगवर किंवा लेबलवर क्यूआर कोड छापलेला आहे का? असेल तर तो कोणत्या पत्त्यावर जातो? तो माल दुकानांच्या फळ्यांवर दोन-दोन वर्षं पडून असतो. तो पत्ता मेला तर हातात तुमचीच चादर घेतलेल्या माणसाला मोबाइलवर रिकामं पान दिसेल. माझ्या यादीत असे पत्ते मी लाल रंगात ठेवतो.

आता मजकूर आणि फोटो. काम रखडतं ते इथं. डिझाइन तीन आठवड्यांत होतं, कोडिंग आणखी तीन-चार आठवड्यांत, आणि मग 'फोटो देतो, माहिती देतो' म्हणत चार महिने जातात. शेवटी घाईनं इंटरनेटवरचे परदेशी बाथरूमचे फोटो चिकटवले जातात आणि मालाखाली 'उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर' लिहिलं जातं. ही दोन वाक्यं सगळ्यांच्याच साइटवर आहेत, त्यामुळे ती वाचून कोणाला काही कळत नाही. त्याऐवजी तुम्ही फोनवर गिऱ्हाईकाला जे सांगता ते लिहा. साइज इंचात आणि सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये, सूत कोणतं, रंग किती, किनार कशी शिवली आहे, एका गठ्ठ्यात नग किती. फोन उचलणाऱ्या माणसाला महिनाभरात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात ते त्यांच्याच तोंडून ऐका आणि उत्तरांसकट उतरवून घ्या. तुमच्या साइटवरचा सगळ्यात चांगला मजकूर त्यात असेल.

फोटोसाठी माझी पद्धत साधी आहे. कारखान्याच्या गच्चीवर सकाळी ऊन चढायच्या आत, सावलीच्या उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर. टॉवेलचा एक पूर्ण, एक घडीचा, आणि एक इतक्या जवळून की टेरीचे फासे, म्हणजे कापडावरचे उभे लूप, मोजता यावेत. जेकार्ड चादरीची, म्हणजे जिचं डिझाइन विणीतच उतरतं तिची, दोन्ही अंगं दाखवा. उलट्या बाजूला तेच डिझाइन अदलाबदल झालेल्या रंगांत दिसतं, हे सोलापूरबाहेरच्या गिऱ्हाईकाला माहीत नसतं आणि पाहिल्यावर त्याला नवल वाटतं. मागावर काम करणाऱ्यांचे फोटो घ्यायचे असतील तर त्यांना विचारून घ्या आणि ते कुठं लागणार हेही सांगा. फोटोग्राफरचे दोन दिवस आणि लिहिणाऱ्याचं मानधन मिळून एकूण बजेटच्या चौथ्या हिश्शाएवढी रक्कम मी यासाठी बाजूला काढायला सांगतो. डिझाइनवर कमी खर्च झाला तरी चालेल, इथं काटकसर नको.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावता यावं म्हणून मिळणारी सरकारी नोंद, आहे. तुमची त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तर ते ठळक लिहा. नसेल तर नोंदणीचं बघा, आणि तोवर मानांकनाचं चिन्ह साइटवर लावू नका. बाहेर बनलेला हलका माल सोलापुरी नावानं विकला जातो हे आपण सगळे रोज बघतो. खरी चादर कशी ओळखावी यावर एक पान लिहा: वीण, वजन, दोन्ही अंगं, किनार, फोटोंसकट. हे पान लिहायचा अधिकार मागावर आयुष्य घालवलेल्या घराला आहे, आणि अजून फार थोड्यांनी ते नीट लिहिलंय. मला मनापासून वाटतं की सोलापुरातल्या प्रत्येक कारखान्यानं ते लिहावं.

भाषेचं थोडं सांगतो, कारण २०१४ च्या साइटमध्ये हा घोळ असू शकतो. त्या काळी बरेच जण मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून त्याचं चित्र बनवून लावायचे. डोळ्यांना तो मराठी दिसतो, पण मजकूर म्हणून शोधात येत नाही आणि मोबाइलच्या पडद्याप्रमाणे त्याच्या ओळीही बदलत नाहीत. तसं असेल तर तो सगळा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर आणि गूगललाही वाचता येईल अशा टायपात, आणावा लागेल. मूळ टाइप केलेली फाइल असेल तर रूपांतर करणारी साधनं आहेत, पण त्यानंतर जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, म्हणून एका मराठी वाचणाऱ्या माणसानं ओळ न् ओळ तपासावी. मराठी आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्या करणार असाल तर प्रत्येकीला आपापला पत्ता द्या, आणि आपोआप भाषांतराचं बटण लावून मोकळे होऊ नका. परदेशी माणसाला 'चादर' या शब्दावरून ती पातळ पलंगपोसासारखी वाटेल की ब्लँकेटसारखी, हे कळत नाही. ते त्याला समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे कोणी चादर लिहितं, कोणी चद्दर. रोमन लिपीत तर इंग्रजांच्या काळचं 'शोलापूर' हे स्पेलिंग अजून बरेच जण टाकतात. सर्च कन्सोलच्या यादीत हे सगळे प्रकार दिसतील. जे जास्त दिसतील ते मजकुरात सहज येतील असं बघा, पण कोंबू नका.

वेगाबद्दल थोडक्यात. गूगल आता तुमच्या साइटची मोबाइलवरची आवृत्तीच पाहून तिला जागा देतं. त्यांच्या मापांप्रमाणे पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत काहीतरी घडावं, आणि पान उघडताना मजकूर उड्या मारू नये (त्याचं माप ०.१ च्या आत). मोठमोठे सरकते बॅनर लावले की या तिन्हींची वाट लागते. तपासायची माझी जागा ठरलेली आहे: एसटी स्टँडवर, गर्दीच्या वेळी, दहा हजारांच्या आतल्या फोनवर. तिथं साइट उघडली तर सगळीकडे उघडते. एजन्सीच्या ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर पाहून मंजुरी देऊ नका.

आत्तापर्यंतचं एवढंच: आधी वही, मग जुन्या पानांची यादी, मग मजकूर आणि फोटो, आणि डिझाइन त्यानंतर. आता जिथं सगळ्यात मोठं नुकसान होतं ती जागा.

डोमेन, म्हणजे तुमच्या साइटचं इंटरनेटवरचं नाव, कोणाच्या नावावर आहे ते तपासा. २०१४ साली ज्यानं साइट केली त्यानं बहुतेक स्वतःच्या ईमेलवरून डोमेन घेतलेलं असेल. तो माणूस आज कुठं आहे, फोन उचलतो का? डोमेन म्हणजे कारखान्याच्या जागेच्या उताऱ्यासारखं आहे. ते तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइल नंबरवर असलं पाहिजे. हे सोडवायला कधी एक दिवस लागतो, कधी दोन महिने. म्हणून ते आज सुरू करा. साइट झाल्यावर शेवटच्या आठवड्यात हे उघडकीला आलं तर सगळं अडकतं.

दुसरं ईमेलचं. सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्याची साइट मी शुक्रवारी संध्याकाळी नव्या सर्व्हरवर हलवली. साइट छान उघडली, सगळे खूश होऊन घरी गेले. डोमेनच्या नोंदी नव्या जागी नेताना ईमेल कुठं पोचवायचं ते सांगणारी नोंद, जिला एमएक्स म्हणतात, ती मी नेलीच नव्हती. शनिवार, रविवार त्यांच्याकडे एकही मेल आला नाही. सुटी आहे म्हणून कोणाला संशयही आला नाही. सोमवारी दुपारी परदेशातल्या खरेदीदाराचा फोन आला: बदललेली ऑर्डर पाठवली होती, मेल परत आला, तुमचं काही बरं-वाईट झालं का? तोवर जुन्या मापाचा माल मागावर चढला होता. चूक माझी होती, आणि त्या मालकांनी मला ज्या शांतपणे सांभाळून घेतलं ते मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. हलवण्याआधी डोमेनच्या सगळ्या नोंदींची प्रत काढून ठेवायची. दोन दिवस आधी त्या नोंदींची मुदत, टीटीएल, ३०० सेकंदांवर आणायची, म्हणजे काही चुकलं तर पाच-दहा मिनिटांत मागं फिरता येतं. बदल मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी करायचा, सगळे कामावर असताना. आणि साइट उघडून बघण्याआधी बाहेरच्या खात्यावरून कारखान्याच्या प्रत्येक पत्त्यावर एकेक मेल पाठवून बघायचा.

याच सकाळी आणखी एक तपासायचं. साइट तयार होत असताना ती गूगलनं उचलू नये म्हणून तिच्यावर 'नोंद करू नका' अशी खूण ठेवलेली असते. ती काढायचं राहून जातं, आणि चकचकीत नवी साइट गूगलमधून हळूहळू नाहीशी होते. ही चूक मी मोठमोठ्या एजन्सींकडून झालेली पाहिली आहे. साइट सुरू झाली की पहिल्या पाच मिनिटांत हे बघायला सांगा आणि समोर बसून बघा.

मुहूर्ताचं. दिवाळीला साइट बदलू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या वेळी भेटवस्तूंच्या ऑर्डरी चालू असतात, हिवाळ्याची चादरीची मागणी चढत असते, आणि काही बिघडलं तर दुरुस्त करायला माणूस सुटीवर. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, आणि निर्यातवाल्यांचं लक्ष फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल या घरगुती कापडाच्या प्रदर्शनाकडे. मार्चमध्ये हिशेब. मला तुमच्या धंद्याला गुढीपाडव्याला सुरुवात बरी वाटते. त्या दिवशी पूजा करून कामाचा नारळ फोडा, पण साइट बदलू नका. चैत्र-वैशाखात लग्नसराई असते, टॉवेल-टोपीच्या आहेराचा माल निघत असतो, म्हणून त्या दोन महिन्यांत फक्त वही, यादी आणि फोटो. जूनमध्ये डिझाइन आणि बांधणी. जुलैच्या अखेरीस, पावसात बाजार थंड असताना, नवी साइट सुरू. हिवाळ्याची मागणी यायच्या आत तिला तीन महिने मिळतात. युनिफॉर्मचा धंदा असता तर हेच वेळापत्रक मी उलटं केलं असतं, कारण त्यांचा सगळा जीव जूनच्या आधीच्या महिन्यांत असतो.

आता त्या दोन कोटेशनांकडे परत या. वही आणि यादी झाली की एका पानावर लिहा: एवढी पानं, या भाषा, मजकूर आणि फोटो आम्ही देणार की तुम्ही, यादीतली सगळी वळणं तुम्ही लावणार, डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) आणि गूगलची सगळी खाती आमच्या नावावर, सुरू झाल्यावर तीन महिने दुरुस्ती, आणि पुढे वर्षाला खर्च किती. हेच पान दोघांना द्या आणि पुन्हा भाव मागा. पस्तीस हजारवाला मुलगा कदाचित साठ सांगेल, एजन्सी कदाचित खाली येईल. कोण काय प्रश्न विचारतो तेही बघा. जो तुमची यादी मागून घेईल आणि त्यातलं एखादं पान दाखवून 'हे का ठेवायचं?' असं विचारेल, त्याला मी काम देईन, तो सोलापूरचा असो की पुण्याचा. पैसे तारखेवर देऊ नका, टप्प्यावर द्या, आणि शेवटचा हप्ता वळणं तपासून झाल्यावर.

सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे आकडे खालीवर होतात. हे जवळजवळ नेहमीच होतं. घाबरून पुन्हा बदल करत बसू नका. रोज सकाळी सर्च कन्सोलमध्ये 'पान सापडलं नाही' अशी तक्रार कुठल्या पत्त्यांची आहे तेवढं बघा आणि ते दुरुस्त करत जा. तुलना मागच्या महिन्याशी करू नका. चादरीचा धंदा ऋतूवर चालतो, ऑगस्टची गाठ मागच्या ऑगस्टशीच घाला. आकडे आधीच उतरवून ठेवायला सांगितलं ते यासाठी. आणि टेबलावरची ती वही चालूच ठेवा, फोन कमी झाले की वाढले हे तिच्यातच कळेल.

राहिला आजोबांचा फोटो. एजन्सीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पहिल्या पानाच्या अगदी वरच्या जागेवर, जिथं हॉटेलवाला पांढरा टॉवेल शोधतोय, तिथं तो नको. पण काढून टाकायचा प्रश्नच नाही. 'आमच्याविषयी' हे पान परदेशी खरेदीदार आवर्जून उघडतो, कारण त्याला माल कोणाकडून घेतोय हे बघायचं असतं. तिथं तो फोटो पूर्ण रुंदीत लावा. पहिल्या पानावर खालच्या भागात त्याचीच लहान प्रत, दाबली की त्या पानावर नेणारी. मूळ फोटो स्कॅन करून घ्या, फोटोचा मोबाइलनं काढलेला फोटो चालणार नाही. आणि एका संध्याकाळी वडिलांपाशी बसा. फोटो कोणत्या साली निघाला, तो माग कुठं होता, मागे उभे असलेले कोण, कोणत्या डिझाइनची चादर विणली जातेय, हे विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्यांच्याच शब्दांत फोटोखाली उतरवा. फोटोतल्या माणसांची नावं आता फक्त त्यांनाच माहीत असतील. यादी आणि वही पुढच्या आठवड्यात सुरू झाली तरी चालेल, हे मात्र या आठवड्यात करा.